पाटीलबावा मोठे की नाना? आधी निकाल लावा!

महादजी शिंदे मोठे की नाना फडणवीस, या वादात उतरायचे असेल तर निकाल घरूनच ठरवून निघा. आधी कागद वाचायचे आणि मग मत बनवायचे, ही रिकामटेकड्यांची कामे. निकाल सुचत नसेल तर स्वतःचे आडनाव आठवा. निम्मे काम तिथेच उरकते.

मग मोजपट्टी निवडा. महादजींकडून बोलणार असाल तर फौज, तोफा आणि दिल्ली: द बॉइन या युरोपियन सेनानीने घडवलेल्या कवायती पलटणी, 1790 ची पाटण आणि मेडत्याची लढाई, गुलाम कादिराने डोळे काढलेल्या मुघल बादशहा शाह आलमला पुन्हा तख्तावर बसवणे. 1787 ला लालसोटला महादजींना माघार घ्यावी लागली, हे कुणी काढलेच तर ‘तो गनिमी कावा होता’ म्हणून मोकळे व्हा. समोरच्याने फारच ताणले तर पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत नानांना अर्धेच का धरतात, एवढेच विचारा. नानांकडून बोलणार असाल तर बारभाईंचे कारस्थान आणि हेरखाते काढा, आणि तलवार कुणीही चालवतो हो, असे खांदे उडवून म्हणा.

1792 साली महादजी वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या मुख्य कारभारीपदाची, वस्त्रे घेऊन पुण्यात आले. दरबारात सगळ्या मानकऱ्यांच्या खाली बसले आणि काखेतल्या गाठोड्यातून नवे जोडे काढून पेशवे सवाई माधवरावांपुढे ठेवले, असे सांगतात. हा प्रसंग दोन्ही पक्षांच्या कामाचा. तुमच्या बाजूचा असेल तर नम्रता, नसेल तर नाटक.

सालबाईच्या तहाला मात्र जपून हात घाला. मे 1782 मध्ये महादजींनी मध्यस्थी करून मराठे आणि इंग्रजांत तह जुळवला; नानांनी त्यावरचे शिक्कामोर्तब 1783 पर्यंत रखडवले, कारण तिकडे म्हैसूरचा हैदर अली इंग्रजांशी लढत होता तोवर इंग्रजांना आणखी पिळता येत होते. एकाने जुळवायचे, दुसऱ्याने ताणायचे, असे हे दोघांचे मिळून राजकारण. म्हणून तह अर्धाच सांगा. कुठला अर्धा, ते आडनाव सांगेल.

पानिपत तर काढूच नका. तिथून दोघेही जेमतेम जीव घेऊन परतले. पाय जायबंदी झालेल्या महादजींना उचलून आणले ते राणेखान नावाच्या भिस्त्याने. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानले, सरदारकी दिली. आता हे श्रेय कुठल्या आडनावाच्या खात्यावर मांडणार? उगाच डोक्याला ताप.

आणि एखादा आगाऊ माणूस विचारेलच, की 1794 ला महादजी गेले, 1800 ला नाना गेले, मग 1802 मध्ये वसईच्या तहाने पेशवे इंग्रजांच्या दावणीला बांधले गेले, ते कसे? अशा वेळी घड्याळ बघा, चहा मागवा आणि थोरले बाजीराव मोठे की नेपोलियन, हा विषय काढा.