ढोल किती ते राहू द्या, किती वाजता ते सांगा

गणपती जवळ आले की आमच्या पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर तेच भांडण, एक पार्टी म्हणते डीजे बंद करा, दुसरी म्हणते फक्त आमच्याच सणावर डोळा का. 2024 ला एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, ढोलपथकात 30 च जण असा आदेश काढला आणि सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, तेव्हा तर ग्रुपवर नुसते फेटे नाचत होते. ज्या पोरांना हा आवाज खरंच सोसत नाही त्यांचं नाव मात्र कुणीच काढत नाही.

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. इकडे सगळं शांत असतं असं समजू नका हं. दिवाळी आणि 5 नोव्हेंबरची बॉनफायर नाइट मागेपुढेच येतात, मग कितीतरी रात्री कुणाच्या ना कुणाच्या बॅकयार्डमधून धाडधाड. कायद्याने रात्री 11 नंतर फटाके बंद, पण बॉनफायर नाइटला 12 आणि दिवाळीला 1 पर्यंत सूट, आणि आवाजाची मर्यादा 120 डेसिबल, म्हणजे आम्हाला काडीचा उपयोग नाही.

पण मैदानावरच्या मोठ्या आतषबाजीची वेळ आधी जाहीर होते ना, तिथे सगळा फरक पडतो. सकाळीच कॅलेंडरवर रॉकेटचं चित्र चिकटवायचं, दुपारी फटाक्यांचा व्हिडिओ अगदी बारीक आवाजात दाखवायचा, आवाज अडवणारे इअर डिफेंडर्स कानावर त्याचे त्याला घालू द्यायचे, की साहेब खिडकीत उभे राहून मजेत बघतात. तोच मुलगा शेजाऱ्याच्या अवचित फुटलेल्या एका फटाक्याने टेबलाखाली जातो आणि मग तासभर बाहेर येत नाही.

पुण्यात सोसायटीच्या आरतीला माईकने शिट्टी मारली आणि तो कान दाबून जिन्यात पळाला, तर एक काका म्हणाले, सवय लावा हो, आवाजात बसवलं की जातं आपोआप. नाही जात काका, उलट पुढच्या वर्षी पोरगं मांडवाकडे फिरकतसुद्धा नाही. पण माझी आत्या काही न बोलता उठली, वाटीत दोन मोदक घेतले आणि त्याला गच्चीवर घेऊन गेली. इकडे लेस्टरला शांत खोली मिळते, न दिसणारी अडचण लोकांना कळावी म्हणून गळ्यात घालायचा सूर्यफुलाचा लॅनयार्ड मिळतो, अशी आत्या कुठून आणायची!

ढोल किती ते कोर्ट बघेल. मंडळाच्या पोरांनी एक आरती बिनमाईकची ठेवावी, आणि मिरवणूक आमच्या गेटसमोर साधारण किती वाजता येणार, किती वेळ थांबणार तेवढं आदल्या दिवशी ग्रुपवर टाकावं, त्याला ना परवानगी लागते ना वर्गणी.