किती तास बसतोस?

भाचा नाशिकलाच एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटलाय. दाजींचं म्हणणं, रोज चौदा तास अभ्यासाला बसल्याशिवाय डॉक्टर होत नाही. चुलतभाऊ म्हणतो, शेवटच्या महिन्यात नोट्स उरकल्या की पन्नास टक्के पडतात. राज्यभरच्या मेडिकलच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशिकला आहे, आणि आपण अजून तासच मोजतोय! दोघांचाही मला राग येतो.

ही सवय नीट या प्रवेशपरीक्षेने लावली. ७२० मार्कांसाठी पोरं दोन-दोन वर्षं खोलीत कोंडली, ते समजू शकते. पण प्रवेशानंतर? ॲनाटॉमी पाठ करावीच लागते, तिथे सूट नाही. रोजचे तीन-चार तास नेमाने केले आणि परीक्षेआधी वाढवले तर ते होतं. खरा अभ्यास वॉर्डात असतो. २०१९ च्या अभ्यासक्रमाने तर पहिल्या वर्षापासूनच रुग्ण दाखवायला सांगितलंय.

मी शिकत होते तेव्हा निफाड-दिंडोरीकडून फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेला माणूस यायचा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस. त्यावरचा उतारा ॲट्रोपिन, तो छातीतला स्राव आटून ती कोरडी होईपर्यंत द्यायचा, हे पुस्तकात एका ओळीत आहे. पण छाती कोरडी झाली हे कानाला कळायला रात्रभर त्या खाटेशी उभं राहावं लागतं. घोणस चावलेल्याचं रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. गोठलं नसेल तर विष भिनलंय. हे मी खाटेपाशी शिकले.

मी आता इंग्लंडमध्ये डॉक्टर आहे. इथे लीड्सला शेवटच्या वर्षाची मुलं एफ-वनच्या, म्हणजे नुकत्याच पास झालेल्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरच्या, मागे वॉर्डभर फिरतात, शिरेत सलाइनची नळी (कॅन्युला) लावतात, आम्ही त्यांच्या पोर्टफोलिओत, म्हणजे कामाच्या नोंदींत, सह्या करतो. किती तास वाचलंस, असं कुणी विचारत नाही. आपल्याकडे इंटर्नशिपमध्येच, हात बसायच्या वर्षात, कितीतरी मुलं नीट-पीजी या पुढच्या प्रवेशपरीक्षेच्या २०० प्रश्नांसाठी लायब्ररी गाठतात. मला सलतं ते हे.

आणि हेही खरं, की मला सगळ्यात पक्कं जे येतं, ते इथे कुणाच्या कामाचं नाही. लीड्समध्ये घोणस नाही. नाइट्सला कधी वाटतं, मी ज्या गावची डॉक्टर झाले, ते गावच माझ्याकडे नाही.

दाजी म्हणतात, तिकडे बसून इकडच्या पोरांना शिकवू नकोस. शिकवणारच. माझी आई पंचवटीत एकटी राहते. रात्री तिच्या छातीत दुखलं तर तपासायला मी नसेन, हीच पोरं असतील.