मान्यताप्राप्त बाप व्हायचंय?

अभिनंदन! मुलगा झाला असेल किंवा मुलगी. पेढे की बर्फी हा वाद आईवर सोपवा. तुमच्यापुढचं खरं काम आहे सरकारदरबारी बाप म्हणून मान्यता मिळवण्याचं. घाबरू नका. त्यात मूल सांभाळावं लागत नाही.

आधी नाव. आपल्याकडे बापाचं नाव शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत मुलाला चिकटलेलं असतं. एकही दुपटं न बदलता मिळणारा एवढा मोठा मान दुसरा नाही. अलीकडे मात्र घोळ झालाय. 1 मे 2024 पासून जन्माला येणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य सरकारने लावला. पिढ्यानपिढ्या सांभाळलेला दुसरा नंबर गेला. मनाला लावून घेऊ नका, आडनाव बहुधा अजून तुमचंच आहे.

आता रजा. केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, पहिल्या दोन मुलांपुरती. खासगी कंपनीवर सक्ती करणारा कायदा नाही. साहेबांना मूल झालं तेव्हा ते स्वतः कुठे होते, यावर तुमचे दिवस ठरतात. बाईला 26 आठवडे, कारण तिला मूल होतं. तुम्हाला 15 दिवस, कारण तुम्हाला पेढे वाटायचे असतात.

ते 15 दिवस घालवावेत कुठे? पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे रजा काढून तुम्ही जाणार सासुरवाडीला. तिथे जावयाच्या हाती ओलं दुपटं कोण देईल? बाळाला घ्यायला हात पुढे केलात की सासूबाई त्यावर अळिवाचा लाडू ठेवतील. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी चाललेली, तिथे पुरुषाचं काय काम! अंघोळ घालायला मालिशवाल्या बाई येतात. जावईबापूंची झोपमोड नको म्हणून तुमची गादी बाहेरच्या खोलीत. बारशाला तरी काही वाट्याला येईल म्हणाल, तर बाळाच्या कानात नाव सांगणार आत्या, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करणार बायका, आणि कुर्रर्र झाल्यावर पाठीत धपाटे खाणारीही आत्याच. तुम्ही फोटो काढा. चौदाव्या दिवशी परतीचं तिकीट. दीड महिन्याची इंजेक्शनं येतील तेव्हा तुमची रजा संपून महिना होत आलेला असेल. त्या रात्रीच्या तापाचं कळेल तुम्हाला, व्हॉट्सअॅपवर.

एवढ्याने मन भरत नसेल, पोराजवळ राहायची हौसच असेल, तर राज्य सरकारची 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. 2018 पासून ती पुरुष कर्मचाऱ्यालाही मिळते. अट एवढीच की पत्नी हयात नसावी, किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असावी. बायको हिंडती-फिरती असेल तर उगाच अर्ज करून साहेबांचा वेळ घेऊ नका. केंद्राची अशी रजा तर 730 दिवसांची. पण तीही पुरुषाला मिळते, ती तो एकटा असेल तरच. (हे नियम बायकोला मोठ्याने वाचून दाखवू नयेत, हा आपला माझा आगाऊ सल्ला.)

पाळणाघराचंही तसंच. 50 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला त्याची सोय करावी लागते आणि आईला तिथे दिवसातून 4 वेळा जायची मुभा असते. बापाच्या फेऱ्यांबद्दल कायदा गप्प आहे. चहाच्या टपरीवरच्या फेऱ्यांबद्दलही तो गप्पच आहे म्हणा, पण तिथे तुम्ही वाट काढलीतच ना?

सहीच्या बाबतीत मात्र तुमच्यावाचून पान हलत नाही. 1984 साली लेखिका गीता हरिहरन यांनी लहान मुलाच्या नावाने रोखे घ्यायला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. सही आईने करायची, हे नवरा-बायकोचं आपसात ठरलेलं. बँक म्हणाली, वडिलांची सही आणा. कारण 1956 च्या कायद्यात हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत 1999 उजाडलं. गंमत म्हणजे पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळच राहील, हेही त्याच कलमात आहे. रात्री उठणं तिचं, पालकत्व तुमचं. इतकी सोयीची वाटणी सख्ख्या भावांतही होत नाही.

राहिली समाजाची मान्यता. ती सगळ्यांत स्वस्त. रविवारी संध्याकाळी बाबागाडी घेऊन सोसायटीत एक चक्कर मारा. बाकावरच्या काकू म्हणतील, "किती करतो हो बायकोसाठी!" बायको तेव्हा वर बाटल्या उकळत असेल, तिला ऐकू जाणार नाही.

इतकं मिळूनही बाप म्हणून आपली कुणी दखल घेत नाही असं वाटलं, तर सरकारला रीतसर निवेदन द्या. त्यात मुलाची जन्मवेळ, वजन, रक्तगट, कुठली लस कधी टोचली, सगळं यायला हवं. बायकोला विचारा. नाहीतर असं करा, तिलाच लिहायला सांगा. खाली उजवीकडे सहीपुरती जागा तेवढी सोडायला सांगा.