झिका ‘फक्त उंदरांवर सिद्ध’? फिरत्या मेसेजला उत्तर

पावसाळा लागला की लातूर-नांदेडपासून संभाजीनगरपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. झिका या डासांतून पसरणाऱ्या विषाणूमुळे पोटातल्या बाळाचं डोकं लहान राहतं हे फक्त उंदरांवर दाखवलंय, तेही प्रतिकारशक्ती काढून घेतलेल्या उंदरांवर आणि भरमसाट डोस टोचून. आईला ताप नसेल तर बाळाला धोका नाही. आणि आपल्या कोरड्या भागात डास कुठले?

‘फक्त उंदरांवर.’ क्रमच उलटा सांगितलाय. आधी २०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्येला लहान डोक्याची बाळं जन्मली, मग गर्भजलात आणि गर्भाच्या मेंदूत विषाणू सापडला. उंदरांचे प्रयोग त्यानंतरचे. हे होतं का, यापेक्षा कसं होतं, हे शोधायला ते केले.

‘प्रतिकारशक्ती काढून घेतली.’ हे खरं आहे, पण का काढली ते मेसेज सांगत नाही. माणसाच्या पेशीत झिकाचं एनएस५ हे प्रथिन आपलं स्टॅट२ प्रथिन नष्ट करतं, आणि इंटरफेरॉनची (विषाणू आल्याचं पेशींना कळवणाऱ्या प्रथिनाची) धोक्याची सूचना तिथेच अडते. उंदराच्या स्टॅट२ चं मात्र ते काही बिघडवू शकत नाही, म्हणून साधा उंदीर विषाणूला सहज आवरतो. मग संशोधक इंटरफेरॉनचा रिसेप्टर (ती सूचना पेशीवर झेलणारं प्रथिन) बंद करतात: त्याचं जनुक नसलेली मादी घेतात, किंवा रिसेप्टर अडवणारी अँटिबॉडी टोचतात. आपल्या शरीरात विषाणू जे स्वतः करतो, ते इथे बाहेरून करावं लागतं, एवढंच.

शिवाय जनुक नसलेल्या मादीला साधा नर दिला, की पिल्लांना बापाकडून चालू जनुक मिळतं. आई दुबळी, पण गर्भ नाही. जनुकाची एकच चालू प्रत असलेला नर दिला, तर एकाच गर्भाशयात दोन्ही प्रकारची पिल्लं राहतात. २०१८ मध्ये अशाच जोड्यांत रिसेप्टर असलेले गर्भ गेले, नसलेले टिकले. म्हणजे गर्भाचा घात त्याच्या स्वतःच्या प्रतिक्रियेनंही होऊ शकतो. साध्या उंदरात हे कळलंच नसतं.

असे प्रयोग फसतातही, आणि शंका घ्यायची तर तिथे घ्यावी. सकाळी मादीच्या योनीमार्गात समागमाची गुठळी दिसली की तो गरोदरपणाचा दिवस ०.५ धरतात; ६.५ किंवा ७.५ व्या दिवशी विषाणू देतात, १३.५ ते १५.५ च्या सुमारास गर्भ आणि वार तपासतात. विषाणू न दिलेल्या माद्यांचेही काही गर्भ विरघळतात, त्यामुळे तुलनेचा गट नसेल तर आकडे फोल. एका मादीची आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र पुरावे नव्हेत. पीसीआर चाचणीत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, दिसला म्हणून विषाणू जिवंत आहे असंही नाही. त्यासाठी व्हेरो पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशींवर) प्लाक, म्हणजे विषाणूनं पेशी मारून पाडलेली भोकं, मोजावी लागतात.

उंदराच्या मर्यादा खऱ्याच आहेत. गरोदरपण १९-२० दिवसांचं, वारेची रचना वेगळी, मेंदूची बरीच वाढ जन्मानंतर. म्हणून कितव्या महिन्यात किती धोका, हे विचारायला सुमारे १६५ दिवस गरोदर राहणारी ऱ्हीसस माकडीण लागते.

‘भरमसाट डोस.’ माकडांना अनेकदा त्वचेखाली सुमारे १०,००० प्लाक युनिट, म्हणजे तेवढे प्लाक पाडू शकेल इतका विषाणू, देतात. डास चावताना सोडतो त्याच्या आसपास. काही प्रयोगांत तर बाधित डासच चावू दिले.

‘ताप नाही, धोका नाही.’ सहा प्राइमेट केंद्रांच्या २०१८ च्या एकत्रित नोंदींत, गरोदरपणाच्या सुरुवातीला संसर्ग झालेल्या माकडिणींपैकी २६ टक्क्यांचे गर्भ गेले. आयांना लक्षणं नावापुरती. बायकांतही बहुतेक संसर्ग लक्षणांविनाच असतात. संसर्ग झालेल्या आयांच्या ५ ते १५ टक्के बाळांत झिकाचे दुष्परिणाम दिसतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बहुतेक बाळं ठीक असतात, हेही तितकंच खरं.

‘कोरड्या भागात डास कुठले?’ राज्यातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, तोही दुष्काळीच तालुका. झिका पसरवणाऱ्या एडिस डासाला नाला लागत नाही. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं म्हणून भरून ठेवलेला बॅरल, रांजण, हौद पुरतो. अंड्यापासून डास व्हायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. अंडी कडेला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतली बाजू ब्रशने घासावी लागते. पाणी टाकणं परवडत नसेल तर तोंडाला घट्ट कापड बांधा.

गरोदर बाईला ताप, पुरळ, लाल डोळे दिसले तर पहिल्या आठवड्यातच रक्त आणि लघवीची आरटी-पीसीआर करून घ्या. आयजीएम ही अँटिबॉडीची चाचणी डेंग्यूशी गल्लत करते. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन नको. झिका संभोगातूनही पसरतो, तेव्हा साथीच्या भागात बाळंतपणापर्यंत नवऱ्यानं निरोध वापरावा.