‘पाणी कमी प्या, गाठ गोळीनं जिरते’ : त्या मेसेजला उत्तर

आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा फिरला. म्हणे, पिट्युटरीच्या (मेंदूखालच्या संप्रेरक बनवणाऱ्या ग्रंथीच्या) गाठीनं मेंदूत पाणी झालं तर पाणी पिणं निम्म्यावर आणा. गाठ गोळीनं जिरते, ऑपरेशन करू नका. डोक्यात नळी घातली की माणूस जन्माचा अधू. कुंभारीच्या घरकुलात विड्या वळणाऱ्या माझ्या मावशीला हाच आजार झाला होता, म्हणून लिहिते.

आधी पाण्याचं. हा द्रव मेंदूच्या पोकळ्यांत रक्तापासून तयार होतो, दिवसाला साधारण ५०० मिली. तुम्ही तांब्याभर प्या की घोटभर, तो बनायचा थांबत नाही. बिघाड वाटेत असतो. वाटाण्याएवढ्या ग्रंथीची गाठ ४ सेंटिमीटरच्या वर गेली, की ती वर चढून तिसऱ्या पोकळीत घुसू शकते. मग बाजूच्या पोकळ्यांतून खाली येणारी वाट बुजते आणि मागं पाणी तुंबतं. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. मोठ्या गाठीत पुष्कळांचं कॉर्टिसोल, म्हणजे बीपी टिकवून धरणारं संप्रेरक, कमी असतं. अशा माणसाचं पाणी तोडलं तर बीपी कोसळेल. ऑपरेशननंतर काहींना लिटरच्या लिटर लघवी होते. मावशीची लघवी आम्ही मापानं मोजून कागदावर मांडायचो. काहींचं सोडियम उतरतं, तेव्हा डॉक्टरच पाणी मोजून देतात, पण ते रक्ताचा रिपोर्ट बघून.

गोळीचं अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त घातक. प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक बनवणारी गाठ, अगदी मोठीसुद्धा, कॅबरगोलिनच्या गोळीनं बहुधा आकसते. त्यामुळे प्रोलॅक्टिन तपासल्याशिवाय ऑपरेशन ठरवूच नये. गाठ फार मोठी असेल तर मशीन फसून आकडा कमी दाखवू शकतं. नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगा. मावशीची गाठ त्या जातीची नव्हती. असती, तरी गुंगीत गेलेल्या माणसाला गोळी लागू पडेपर्यंत थांबता येत नाही. आधी तुंबलेलं पाणी मोकळं करावं लागतं.

नळीला मीही घाबरले होते. एक तात्पुरती असते, पाणी बाहेर पिशवीत काढणारी. दुसरी कायमची, कातडीखालून पोटात सोडलेला शंट. दोन्ही बाजूंची वाट बुजली असेल तर कधी दोन नळ्या लागतात. शंट तुंबू शकतो, त्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो, पण तो घेऊन माणसं कामाला जातात, संसार करतात. आणि सगळ्यांना तो लागतही नाही. गाठ, बहुतेकदा नाकातून, काढली की पुष्कळदा वाट आपसूक मोकळी होते. मावशीची तात्पुरती नळी गाठ काढल्यावर निघाली.

अशी गाठ डोळ्यांच्या नसांवरही दाबते. मावशीला बाजूनं येणारी रिक्षा दिसायची नाही. आम्ही चष्म्याचा नंबर बदलत बसलो. उठल्या उठल्या डोकं दुखणं, उलटी, चालताना तोल जाणं दिसलं तर स्कॅन करून घ्या. गुंगी चढत असेल तर सकाळच्या ओपीडीसाठी थांबू नका. सिटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन आहे तिथं रात्रीच न्या. हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलच्या जागी देतात ते औषध) चालू असेल तर त्याची चिठ्ठी सोबत ठेवा, आणि तिथं पोचल्याबरोबर ती आधी दाखवा.