'अकिरा'ने म्हणे कोरोना आधीच सांगितला होता

तो मेसेज परत फिरायला लागलाय. २०२० मध्ये फिरला, मधे थंडावला, आणि आता पुन्हा कुठल्यातरी ग्रुपमधून उगवलाय. या वेळी तो माझ्या मावशीच्या मोबाईलवर पोचला आणि तिने मला फोन करून विचारलं, "म्हणजे हे सगळं आधीच ठरलेलं होतं का रे?" मावशीचे यजमान, आमचे काका, एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. बेडसाठी, ऑक्सिजनसाठी आम्ही सगळे किती पळालो ते आम्हालाच माहीत. आणि आता कोणीतरी घरबसल्या एक बटण दाबून त्या बाईच्या डोक्यात घालतंय की हे सगळं एका जपानी कार्टूनमध्ये आधीच लिहून ठेवलेलं होतं. मला राग आलाय आणि रागातच लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा. १९८८ साली जपानमध्ये 'अकिरा' नावाचा सिनेमा आला, त्यात दाखवलंय की २०२० चं टोकियो ऑलिम्पिक महामारीमुळे रद्द होणार, १४७ दिवस आधी म्हणून आकडासुद्धा दिलाय, सिनेमाच्या मूळ जपानी कॉमिकमध्ये डब्ल्यूएचओचं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं, नावपण आहे, म्हणजे हा योगायोग नाही, हे सगळं ठरवून केलेलं आहे, जागे व्हा आणि पुढे पाठवा. सोबत सिनेमातल्या एका पाटीचा स्क्रीनशॉट.

सगळ्यात आधी 'महामारीमुळे'. अहो, त्या सिनेमात महामारी नाहीये! दोन तासांच्या सिनेमाच्या कथेत कुठेही साथ नाही, व्हायरस नाही, आजाराच्या भीतीने मास्क लावलेली माणसं नाहीत, लस नाही, क्वारंटाईन नाही. गोष्ट अशी आहे की टोकियो एका प्रचंड स्फोटात नष्ट होतं, तिसरं महायुद्ध होतं, आणि २०१९ मध्ये त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या निओ टोकियोत बाईक उडवत फिरणारी कानेदा आणि तेत्सुओ ही दोन मित्र-पोरं लष्कराच्या एका गुप्त प्रकल्पात अडकतात. लष्कर लहान मुलांवर प्रयोग करून त्यांच्यातली मानसिक शक्ती जागी करत असतं, तेत्सुओला ती शक्ती मिळते आणि ती त्याला झेपत नाही. अकिरा हा त्याच प्रकल्पातला एक मुलगा, आणि त्याला ज्या जागी बंद करून ठेवलंय तिच्यावर ऑलिम्पिकचं स्टेडियम बांधणं चालू असतं. ही झाली गोष्ट. यात कोरोना कुठे बसतो ते मेसेज लिहिणाऱ्याने मला दाखवावं. त्याने सिनेमा बघितलेलाच नाही, हे मी खात्रीने सांगतो, कारण ज्याने बघितलाय त्याच्या हातून हे वाक्य लिहिलंच जाणार नाही.

आणि या सिनेमाला भाकीत म्हणायचंच असेल तर मग सगळं धरा ना. सिनेमाप्रमाणे टोकियो नष्ट झालं ती तारीख १६ जुलै १९८८. सिनेमा जपानमध्ये प्रदर्शित झाला ती तारीखही १६ जुलै १९८८! म्हणजे टोकियोतले प्रेक्षक थिएटरात बसून बघत होते की आजच्याच दिवशी आपलं शहर संपलं, आणि सिनेमा सुटल्यावर त्याच शहरातून ट्रेन पकडून घरी गेले. दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमोने हे बहुधा जाणूनबुजून केलं असावं. ज्या माणसाने स्वतःच्या सिनेमाच्या पहिल्याच मिनिटात न घडलेली गोष्ट तारखेसकट टाकली तो भविष्य सांगत नव्हता, गोष्ट सांगत होता. तिसरं महायुद्ध झालं नाही, टोकियो जागेवर आहे, मुलांनी डोक्यातल्या शक्तीने इमारती पाडल्या नाहीत, हे सगळं सोडून फक्त एक पाटी उचलायची आणि म्हणायचं बघा खरं झालं, याला काय अर्थ आहे?

आता ती पाटी. सिनेमात पाटी आहे, ते खरं आहे. वर लिहिलंय की टोकियो ऑलिम्पिकला १४७ दिवस राहिले. तिच्यावर दिसणारे 'रद्द करा, रद्द!' हे शब्द मात्र मूळ पाटीचा भाग नाहीत, ते कोणीतरी पाटीवर नंतर खरडलेले आहेत. म्हणजे सरकारने लावलेली उत्साहाची पाटी आणि तिच्यावर चिडलेल्या माणसांनी रंगाने लिहिलेली घोषणा. सिनेमाभर रस्त्यावर निदर्शनं चालू आहेत, पोलीस लोकांना बडवतायत, एकीकडे शहर कुजतंय आणि दुसरीकडे स्टेडियम उभं राहतंय, तर कोणालातरी राग येणारच. सिनेमात ऑलिम्पिक रद्द झाल्याची बातमी नाही, ते व्हावं अशी लोकांची मागणी आहे. आपल्याकडे भिंतीवर 'अमुक प्रकल्प रद्द करा' असं लिहिलेलं असतं तेव्हा प्रकल्प रद्द झाला असं आपण समजतो का?

जपानी प्रेक्षकांना हे बरोबर कळलं होतं. २८ फेब्रुवारी २०२० ला, म्हणजे २४ जुलैच्या ठरलेल्या उद्घाटनाला बरोबर १४७ दिवस उरले तेव्हा, जपानी ट्विटरवर हीच घोषणा ट्रेंड झाली.  पाटीवर खरडणाऱ्या माणसाचा जो वैताग होता तोच त्यांचा स्वतःचा होता, म्हणून त्यांनी त्याचे शब्द उसने घेतले, ओतोमो ज्योतिषी आहे म्हणून नाही. पुढे मे २०२१ मध्ये 'असाही शिंबुन' या जपानी वर्तमानपत्राच्या पाहणीत ४३ टक्के लोक म्हणाले स्पर्धा रद्द करा आणि ४० टक्के म्हणाले अजून पुढे ढकला. तो राग असा खरा होता. आपल्याकडे येईपर्यंत मात्र त्या रागाची भविष्यवाणी झाली.

१४७ या आकड्याचं लोकांना फार वाटतं म्हणून तेही बोलतो. पाटीवर १४७ च्या जागी २०० असते किंवा ९० असते, तरी २०२० मध्ये किंवा त्याच्या आधी तेवढे दिवस उरलेला एक दिवस आलाच असता, आणि लोकांनी त्या दिवशी स्क्रीनशॉट टाकलाच असता. त्या २८ फेब्रुवारीला काहीही रद्द झालं नाही. पुढे ढकलायचा निर्णय आला २४ मार्चला, तेव्हा १२२ दिवस उरले होते.

आणि रद्द? ऑलिम्पिक रद्द झालंच नाही! एक वर्ष पुढे गेलं आणि २३ जुलै २०२१ ला सुरू झालं. नीरज चोप्राने भाला फेकून सुवर्ण आणलं ते कुठे आणलं मग? साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तिथे धनुष्य घेऊन उभा होता, बीडचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये राष्ट्रीय विक्रम मोडून आला, कोल्हापूरच्या राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत नेमबाजीत होत्या. प्रवीणचं कौतुक करणारे आणि हा मेसेज पाठवणारे माझ्या ओळखीत एकच लोक आहेत, हे बघून डोकं फिरतं.

बरं, एक गोष्ट मान्य करतो, नाईलाजाने. ऐंशीच्या दशकात लिहिलेल्या गोष्टीत २०२० चं ऑलिम्पिक टोकियोत असणं आणि २०१३ मध्ये खरंच टोकियोला ते मिळणं, हे विलक्षण आहे. मलाही बघताना अंगावर शहारा येतो. पण हिशोब करा. गोष्ट २०१९ ची ठरली की पुढचं ऑलिम्पिक २०२० लाच येणार, दर चार वर्षांचं गणित आहे ते. गोष्ट टोकियोची म्हटल्यावर ऑलिम्पिक टोकियोतच असणार. म्हणजे योगायोग उरला तो एवढाच की टोकियोची बोली जिंकली. २०१६ साठीही टोकियोने बोली लावली होती, तेव्हा रिओ जिंकलं.

मुळात टोकियो ऑलिम्पिक रद्द होणं ही कल्पना ओतोमोला भविष्यातून आणायची गरजच नव्हती. १९४० चं ऑलिम्पिक टोकियोला मिळालं होतं आणि चीनशी युद्ध चालू असताना १९३८ मध्ये जपानने ते सोडून दिलं. नंतर १९६४ मध्ये ते टोकियोत झालं, तेव्हा कात्सुहिरो ओतोमो दहा वर्षांचा होता. त्याची पिढी बॉम्बच्या आठवणी ऐकत, शहर पाडून पुन्हा बांधताना बघत आणि साठच्या दशकातली विद्यार्थ्यांची आंदोलनं बघत मोठी झाली. 'अकिरा'मधला स्फोट, स्टेडियम, रस्त्यावरचे मोर्चे, सगळं तिथून आलंय. १९८२ पासून १९९० पर्यंत त्याने 'यंग मॅगझिन'मध्ये हा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, काढला, सहा जाड खंड भरले, आणि तो संपायच्या आत स्वतःच सिनेमा दिग्दर्शित केला. इतक्या कष्टाने मागचं पाहून लिहिलेल्या गोष्टीला पोपटाच्या चिठ्ठीसारखं वापरायचं, याचा मला चाहता म्हणून खूप त्रास होतो.

डब्ल्यूएचओबद्दल फार बोलायची गरज नाही. मेसेज म्हणतो मांगाच्या एका पानावर बातमीच्या मथळ्यात डब्ल्यूएचओ आणि साथीचा रोग हे शब्द आहेत. असतील. ती संघटना १९४८ पासून आहे, आणि साथींबद्दल बोलणं हे तिचं कामच आहे, ऐंशीच्या दशकातल्या कुठल्याही वर्तमानपत्रात असा मथळा सापडेल. कथेत त्याचं पुढे काहीच होत नाही.

राहिलं 'सगळं ठरवून केलंय'. याच एका वाक्यासाठी वरचं सगळं रचलेलं असतं, आणि काही मेसेजमध्ये त्याच्या पुढे लगेच 'म्हणून लस घेऊ नका' असं येतं. कोणी ठरवलं, कशासाठी ठरवलं, आणि ज्याने ठरवलं त्याने ते बत्तीस वर्षं आधी सिनेमागृहात का दाखवलं, याचं उत्तर एकाही मेसेजमध्ये नाही. मावशीला मी स्पष्ट सांगितलं की कोणीही काहीही ठरवलेलं नव्हतं, एक नवीन विषाणू आला, तो पसरला, आणि त्या एप्रिलमध्ये आपल्याकडे बेड आणि ऑक्सिजन कमी पडले. जाब विचारायचा तर त्या कमी पडण्याबद्दल विचारा. कार्टूनवर बोट दाखवलं की ते प्रश्न विचारायचे राहून जातात.

ग्रुपवर हा मेसेज आला तर पाठवणाऱ्याला हे सगळं वाचायला द्या, किंवा सरळ सिनेमाच बघायला सांगा. फक्त लहान मुलं शेजारी असताना लावू नका, कार्टून दिसत असलं तरी त्यात रक्तपात भरपूर आहे.