आमच्या वारीचं भांडवल करू नका

सकाळी साडेआठला गल्लीत प्रचाराची रिक्षा आली. मी शाळेत जायच्या गडबडीत डबा भरत होते. भोंग्यावर आधी टाळ-मृदंग वाजला आणि मग घोगऱ्या आवाजात सुरू झालं, 'ज्यांनी तुमची मंदिरं कुलपात ठेवली, तुमची वारी बंद केली, त्यांना विसरू नका!' अण्णा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला आणि एक शब्द न बोलता आत निघून गेले. मी डब्याचं झाकण हातात घेऊन तशीच उभी.

किती वर्षं ऐकायचं हे? निवडणूक कुठलीही असो, कोरोनातली मंदिरं बाहेर काढल्याशिवाय यांचं भाषण पुरं होत नाही. एक जण म्हणतो, त्यांनी देव कोंडला. दुसरा म्हणतो, आम्ही राज्य वाचवलं. ज्यांनी खरोखर घरात बसून सोसलं त्यांना मात्र दोघांपैकी कुणीच काही विचारत नाही. आज मला बोलायचंच आहे, कारण माझे वडील बोलत नाहीत.

अण्णा १९८८ पासून माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षीही सासवडपर्यंत गेले होते. २०२० च्या मार्चमध्ये विठ्ठलमंदिर दर्शनासाठी बंद झालं, मे महिन्याच्या अखेरीस संस्थानांचे प्रमुख सरकारबरोबर बसले आणि पायी वारी होणार नाही असं ठरलं. आम्हांला धास्ती होती, की हे माणूस ऐकणार नाही, पिशवी उचलून निघेल. अण्णांनी स्वतः दिंडीतल्या एकेकाला फोन केले. 'गावोगाव आपण रोग घेऊन जायचा का? पांडुरंगाला चालेल का ते? घरीच थांबा.' सगळ्यांना हेच सांगितलं. मग वारीच्या दिवसांत रोज पहाटे गच्चीवर फेऱ्या मारायचे, गळ्यात टाळ, खांद्यावर पताका. तेवढ्या जागेत पताका पाण्याच्या टाकीला अडायची. ते थांबायचे, ती सोडवायचे आणि पुन्हा चालायला लागायचे. ३० जूनला पादुका एसटीतून निघाल्या ते टीव्हीवर दाखवत होते. फुलांनी सजवलेली बस दिसली तसे अण्णा खुर्चीतून उठले आणि बस दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभे राहिले. १ जुलैला एकादशी झाली. चंद्रभागेचं वाळवंट रिकामं. त्या दिवशी आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

याला वारी बंद पाडणं म्हणतात? ही वारकऱ्यांनी स्वतः दिलेली गोष्ट आहे, कुणी हिसकावून नेलेली नाही. आणि एकट्या वारकऱ्यांनीच दिली असंही नाही. त्या वर्षी १४ एप्रिलला लोकांनी बाबासाहेबांची जयंती घरात दिवे लावून केली. ईदची नमाज घरात झाली. गुड फ्रायडेला चर्चची दारं बंद होती. लालबागच्या मंडळाने गणपती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादान ठेवलं. घरातली मूर्ती दोन फुटांची, मंडळाची चार फुटांची, असा नियम आला आणि लोकांनी तोही पाळला. श्रद्धावान माणूस अडाणी असतो, त्याला दांडकं दाखवल्याशिवाय कळत नाही, हा समज ज्यांचा असेल त्यांनी ते चार महिने पुन्हा आठवावेत.

मग बिघडलं कुठे? बिघडलं ते राजकारण्यांनी हात घातल्यावर. दोन्हीकडच्या राजकारण्यांनी.

सरकारचं आधी सांगते. मे २०२० मध्ये दारूची दुकानं उघडली. ५ ऑक्टोबरला हॉटेल आणि बार निम्म्या क्षमतेने उघडले. मंदिरं उघडली थेट १६ नोव्हेंबरला, पाडव्याला. मधल्या सहा आठवड्यांत बारमध्ये तोंडावरचा मास्क काढून टेबलाला टेबल लावून बसता येत होतं, पण गावच्या मारुतीला बाहेरून हात जोडायला गेलेल्या म्हाताऱ्याला होमगार्ड हटकत होता. यामागे कारण असेलही. राज्याच्या तिजोरीत दारूचा पैसा लागतो हे मला कळतं. देवळात म्हातारी माणसं जास्त येतात, गाभाऱ्यात हवा खेळत नाही, हेही कळतं. पण हे तोंडाने सांगायला काय झालं होतं? 'पैसा नाही म्हणून बार उघडतोय, गाभाऱ्यात धोका जास्त आहे म्हणून अजून थांबा,' असं सरळ सांगितलं असतं तर अण्णांसारख्या माणसाने मान डोलावली असती. ऑगस्टमध्ये पर्युषणासाठी मुंबईतली तीन जैन मंदिरं उघडायला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, तेव्हा सरन्यायाधीशांनीही हेच बोलून दाखवलं होतं, की पैशाचा प्रश्न असला की धोका पत्करता आणि देवाचा असला की कोरोना आठवतो. लोक चौकात जे बोलत होते तेच न्यायालयात बोललं गेलं. तरी सरकारने तोंड उघडलं नाही.

आणि विरोधकांनी काय केलं? २९ ऑगस्टला राज्यभर देवळांसमोर घंटानाद. 'दार उघड उद्धवा, दार उघड!' ३१ ऑगस्टला पंढरपुरात दुसऱ्या पक्षाचं आंदोलन, हजारोंचा जमाव, बॅरिकेडवर रेटारेटी. पुढच्याच महिन्यात राज्यात दिवसाला २० हजारांवर रुग्ण सापडत होते, ऑक्सिजनच्या खाटेसाठी लोक रिक्षातून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत होते. जे वारकरी जूनमध्ये शहाणपणाने घरी बसले त्यांच्याच नावाने ही गर्दी! अण्णांना कुणी विचारलं होतं का? त्यांच्या वतीने घंटा वाजवायचा अधिकार यांना कुणी दिला?

त्यात कळस चढवला १२ ऑक्टोबरच्या पत्राने. राज्याचे राज्यपाल मुख्यमंत्र्यांना लिहितात, की तुम्ही अचानक सेक्युलर झालात का. मुख्यमंत्री उत्तर देतात, की माझ्या हिंदुत्वाला तुमच्या प्रमाणपत्राची गरज नाही. आठवडाभर सगळ्या वाहिन्यांवर हेच. दर्शनाची रांग किती अंतराने लावायची, तासाला किती माणसं सोडायची, पुजाऱ्यांची तपासणी कोण करणार, बाहेर बुक्का आणि तुळशीच्या माळा विकून पोट भरणाऱ्यांनी सहा महिने काय खाल्लं, यांतल्या एका तरी प्रश्नावर चर्चा झाली का? माणसं मरत होती आणि राज्यातली दोन सर्वोच्च माणसं कुणाचं हिंदुत्व किती किलोचं हे तोलत बसली होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकी चीड आली होती. आजही येते.

या भांडणाची किंमत कुणी मोजली ते मला विचारा. त्या दिवसांत आम्हा शिक्षकांना 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणाला लावलं होतं. पाठीला सॅक, एका हातात ऑक्सिमीटर, दुसऱ्या हातात ताप बघायची ती बंदूक, रोज पन्नास-पन्नास घरं. सुरुवातीला लोक बोट पुढे करायचे. त्या पत्रानंतर दारं आपटायला लागली. एका घरात एक बाई म्हणाल्या, 'आमच्या देवाला कुलूप लावणाऱ्यांची माणसं तुम्ही, आमच्या दारात पाय ठेवू नका.' आत त्यांचे सासरे खोकत होते, मला उंबऱ्याबाहेर ऐकू येत होतं. मी दहा मिनिटं विनवलं. पोरीसारखी समजा म्हणाले, माझे वडीलही माळकरी आहेत म्हणाले. त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी त्यांनी बोट पुढे करू दिलं. ऑक्सिमीटरवर आकडा आला ८४. पुढचं मी लिहीत नाही.

मुसलमान वस्तीत वेगळाच त्रास. तिथली माणसं मार्चपासूनच दुखावलेली. दिल्लीत निझामुद्दीनच्या मरकजमध्ये तबलिगींचा मेळावा झाला, त्यानंतर सगळा कोरोना यांनीच आणला असं घराघरातल्या मोबाईलवर फिरलं, भाजीवाल्यांना गल्लीतून हाकलून दिलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं स्पष्ट म्हटलं. हा निकाल २१ ऑगस्टचा, पर्युषणाचा आदेश आला त्याच दिवशीचा. पण निकाल कुणाच्या मोबाईलवर फिरला? रजिस्टर घेऊन दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे ती माणसं पोलीस आल्यासारखी बघायची. त्यांना दोष कोणत्या तोंडाने देऊ?

आणि २०२१. हे लिहिताना आजही हात थरथरतो. ५ एप्रिलला मंदिरं पुन्हा बंद. ठीक, दुसरी लाट होती, पाहिजेच होती बंद. पण पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक मात्र १७ एप्रिलला ठरल्याप्रमाणे झाली. विठोबा कुलपात आणि त्याच्याच गावात, त्याच्याच तालुक्यात प्रचारसभा! मंदिर बंद करणाऱ्या सत्ताधाऱ्यांच्याही सभा आणि मंदिर उघडा म्हणणाऱ्यांच्याही. ज्या आमदारांच्या जागेवर ही निवडणूक होती ते भारत भालके कोरोनानंतरच्या आजारपणातच गेले होते. तेवढीही लाज कुणाला वाटली नाही. तिकडे लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, वर गेलं तर ५० हजार दंड.

अण्णांच्या दिंडीतले वीणेकरी, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, मंगळवेढा तालुक्यातले. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला होता. नामदेव पायरीला डोकं टेकवून आलो म्हणाले, बाहेरूनच कळस बघितला. मागून भाषणाचा आवाज येत होता, अण्णांनी विचारलं तर म्हणाले, 'शाळेच्या पटांगणात सभा आहे, गाड्या भरून माणसं आणलीत.' मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नाना गेले. तेवीस वर्षं दिंडीत वीणा खाली न ठेवलेला माणूस, त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं. मुलगा आणि पुतण्या, दोघंच. भजन नाही, टाळ नाही, तोंडात तुळशीपत्र घालायला मिळालं नाही. अण्णांनी रात्रभर फोन कानाला लावून इथूनच हरिपाठ म्हटला. पलीकडे नानांचा मुलगा रडत होता.

मंदिरं उघडली ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला. त्याही श्रेयाचे फलक लागले.

शासनाने हे सगळं ज्या कायद्यांखाली केलं त्यांतला एक १८९७ चा साथरोग कायदा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला. पुण्यात तेव्हा रँडच्या हुकुमावरून गोरे सोल्जर बुटांसकट देवघरात शिरले आणि लोकांनी औषधापेक्षा तपासणीचीच धास्ती घेतली. त्याच साथीत सावित्रीबाई आजाऱ्यांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. मी शाळेत हे शिकवते. कायदा एकच, रोग एकच, पण लोकांचा विश्वास कुणी मिळवला आणि कुणी घालवला हे चौथीच्या पोरांना कळतं.

लसीच्या वेळी पुन्हा तेच झालं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये 'हर घर दस्तक' आलं, तेव्हा तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस नसेल तर पेट्रोल नाही, रेशन नाही असा हुकूम निघाला. रेशन! ज्या बाईला कुणीतरी देवीचा कोप होईल असं सांगितलंय तिचे गहू अडवून तिची भीती जाते का? आमच्याकडे एका वाडीवर महिनाभर कुणी दंड पुढे करत नव्हतं. मग आशाताईंनी सप्ताहाच्या महाराजांना गाठलं. काल्याच्या दिवशी कीर्तन संपल्यावर महाराजांनी सगळ्यांदेखत, पायघोळ अंगरख्याची बाही वर करून लस घेतली. टाळकरी त्यांच्या मागे उभे राहिले, टाळकऱ्यांच्या मागे बायका. दुपारपर्यंत कुप्या संपल्या. पलीकडच्या गावात हेच काम मशिदीच्या भोंग्यावरून मौलानांनी केलं. दंड नाही, धमकी नाही. आरोग्याचा नियम असा पाळला जातो. श्रद्धा आमच्या बाजूने उभी होती, तिला हाक मारायचा अवकाश होता. ती हाक आशाताईंनी मारली. त्यांचा फोटो कुठल्याही फलकावर नाही.

आज संध्याकाळी रिक्षा पुन्हा आली. मी बाहेर जाऊन थांबवली. चालवणारा विशीतला पोरगा, रोजंदारीवर आलेला, त्याला काय बोलणार? ज्याने रेकॉर्डिंग दिलं त्याचा नंबर तेवढा मागून घेतला. फोन उचलला नाही, म्हणून निरोप लिहून पाठवला. माझे वडील २०२० ला आणि २०२१ ला वारीला गेले नाहीत ते स्वतःच्या मनाने, दुसऱ्याच्या गावातली माणसं जगावीत म्हणून. आमच्या गल्लीत तो टाळ-मृदंग पुन्हा वाजवायचा असेल तर आधी आमच्या ओट्यावर या, अण्णांच्या समोर बसा आणि त्यांच्या तोंडावर सांगा की ते चुकले.